पंचकाकांचा नियम पहिला

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस नाही. शाळेचं लांबट सभागृह, उंच खिडक्यांतून तिरपा आलेला सकाळचा उजेड, आणि समोरासमोर जोडलेल्या बाकांच्या चार रांगा. प्रत्येक जोडीवर एक पट, पटाच्या दोन्ही कडांना सैन्य उभं, बाजूला दोन तबकड्यांचं एकेक घड्याळ. चोवीस पट, चोवीस घड्याळं. मग डावीकडच्या दारातून एक ठेंगणा, टकलू गृहस्थ प्रवेश करतो. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोरीने बांधलेलं काळं भिंग, काखेत एक पुठ्ठा. तो पहिल्या बाकापाशी थांबतो, घड्याळ उचलतो, कानाला लावतो, मान डोलावतो, खाली ठेवतो. मग दुसरं, मग तिसरं. चोवीस वेळा तोच अभिनय, आणि एकदाही कंटाळ्याचा भाव नाही.

हे पंचकाका. धंद्याने घड्याळजी. शिंप्याच्या आणि वह्या-पेन्सिली विकणाऱ्याच्या मधे कपाटाएवढं त्यांचं दुकान. आत एकाच माणसाला बसता येतं, गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहून डोकं तेवढं आत घालायचं. आठवीत शाळा सुटली आणि ते मामांच्या हाताखाली बसले. त्यानंतर शाळेची पायरी चढले ते एकदम चाळिशी ओलांडल्यावर. शाळेने बुद्धिबळाची बंद पडलेली घड्याळं खोकं भरून दुरुस्तीला पाठवली होती, ती परत द्यायला ते स्पर्धेच्या सकाळी आले. नेमलेला पंच तापाने आडवा झाला होता. कुणीतरी म्हणालं, "तुम्हीच बसा की तासभर, घड्याळं तर तुमचीच आहेत." त्या तासाला आता एकोणीस वर्षं झाली होती.

खेळ त्यांना बेताचाच येई. मेहुण्याकडून ते आजही हरत. पण त्या सकाळी शाळेने त्यांना बसायला हातांची खुर्ची दिली होती, मुख्याध्यापक ज्या खुर्चीत बसत तिची जोडीदार. आठवीतून उठून गेलेल्या मुलाला शाळेने इतक्या वर्षांनी ये, बैस म्हणावं, हे काकांच्या मनातून कधी गेलं नाही. दर वर्षी त्या खुर्चीत बसण्याआधी ते तिच्या हातावर हलकेच तळवा फिरवत. आणि ज्या शाळेने एवढा मान दिला तिच्या स्पर्धेत तिळाएवढाही अन्याय होता कामा नये, म्हणून ते कडक झाले. इतके कडक की पोरं म्हणत, "काकांनी दिलं ते दिलं." एकोणीस वर्षांत दिलेला निर्णय त्यांनी एकदाही मागे घेतला नव्हता.

पुठ्ठा होता भिंतीवरच्या घड्याळाच्या खोक्याचं झाकण. त्यावर ठळक अक्षरात अकरा नियम, आणि प्रत्येक नियमामागे एक रामायण. नियम पहिला: हात लावला की खेळायचं. नियम दुसरा: तोंड बंद. चौथा नियम होता, स्वतःचा पट आणायचा नाही. कारण एका वर्षी एक मुलगा असा संच घेऊन आला होता की त्यातले वजीर आणि उंट फक्त टोपीवरून ओळखू येत, आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याने दोन उंट वजिरासारखे फिरवून सामना जिंकलासुद्धा होता. सातव्या नियमाने पालकांना तीन बाक दूर खडूच्या रेषेपलीकडे उभं केलं होतं. त्यामागचं रामायण काका कुणाला सांगत नसत, पण ज्या आईमुळे तो नियम झाला ती अजून काका दिसले की रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूने जाई.

यंदा मात्र शाळेत नव्या खेळाच्या बाई आल्या होत्या. वय पंचविशीचं, गळ्यात शिट्टी, हातात छापील नियमांची जाडजूड प्रत. सकाळी साडेसातलाच त्यांनी काकांना गाठलं.

"काका, यंदा हे लावू या. जगभर हेच चालतं."

"जगभर चालू दे की. आपलं सभागृह तळमजल्यावर आहे."

"तसं नाही. आता बघा, तीन वेळा तीच मांडणी पटावर आली तर तुम्ही काय करता?"

"काही नाही. पोरं कंटाळतात. नाहीतर एकाची वेळ संपते."

"त्याला पुस्तकात बरोबरी म्हणतात. मागावी लागते, पण मिळते. अशा कितीतरी गोष्टी आहेत यात."

"बाई, तुमच्याकडे पानं किती?"

"शंभराच्या वर."

"माझ्या अकरा ओळी. अकरा ओळींवर एकोणीस वर्षं भांडण नाही."

दाराजवळच्या टेबलावर काकू बसल्या होत्या. कोण कुणाशी खेळणार याच्या चिठ्ठ्या लावायचं काम पहिल्या वर्षापासून त्यांचं. मान वर न करता त्या म्हणाल्या, "भांडण नाही कसं. ते घरी होतं. बाई, हात लावला की खेळायचं म्हणतात, पण घरी भांड्याला हात लावला की घासायचं, असा नियम मी किती वर्षं मागतेय."

बाई हसल्या आणि निम्मी लढाई तिथेच हरल्या. शिवाय शाळांना गेलेल्या पत्रकात नियमांचा एक शब्दही नव्हता. येणाऱ्या सगळ्यांना पुठ्ठा पाठच होता, मग लिहायचं कशाला. ऐनवेळी बदलणं बरं दिसणार नाही, असं ठरलं. पुठ्ठा फळ्यावर टांगला गेला. बाई आपली प्रत घेऊन लहान गटाचे सामने बघायला वरच्या मजल्यावर गेल्या.

त्या जिन्याकडे वळल्या आणि इकडे दारातून नवी मंडळी आली. अंध मुलांच्या शाळेची चार मुलं आणि त्यांच्या ताई. स्पर्धेत ती पहिल्यांदाच येत होती. बोलावलं होतं खेळाच्या बाईंनीच, पत्रक पाठवून. मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून आली, उंबऱ्यापाशी थांबली. पुढे होती तेरा वर्षांची एक मुलगी, दोन घट्ट वेण्या, हनुवटी वर. तिला सगळे वकील म्हणत. का म्हणत ते अर्ध्या मिनिटात कळलं.

"हा हॉल मोठा आहे," ती म्हणाली. "ताई, तुम्ही म्हणालात वर्गाएवढा आहे."

"वर्गाएवढा असेल म्हणाले मी."

"असेल म्हणाला नाहीत. आहे म्हणालात. साक्षीदार आहेत." मागच्या तिघांनी माना हलवल्या.

काका पुढे झाले. त्यांना मनापासून आनंद झाला होता, आणि आनंद झाला की ते अधिकच औपचारिक होत. "या, या. आपलं स्वागत आहे," म्हणाले. ताईंनी पिशवीतून चार पट काढले. लाकडी, प्रत्येक घराला मधोमध एक भोक, काळी घरं किंचित उंच. सोंगट्यांच्या तळाला खुंटी, काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर टाचणीच्या माथ्याएवढं टिंब. मुलं बोटं फिरवत खेळणार, सोंगट्या भोकात घट्ट बसलेल्या, पडणार नाहीत.

काकांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. नियम चौथा.

"ताई, राग मानू नका. इथे स्वतःचा पट चालत नाही."

"पण काका, यांना साध्या पटावर..."

"हे बघा, मी कुणाला कमी लेखत नाही. कमी लेखत नाही म्हणूनच सवलतही देत नाही. एकच नियम, सगळ्यांना. जिंकली तर कुणी म्हणायला नको की दया दाखवली."

हे वाक्य त्यांच्या तोंडून छान निघालं. त्यांना स्वतःलाच ते आवडलं. ताईंनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. पहिलंच बोलावणं, पहिल्याच दिवशी वाद नको, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं. पट पिशवीत परत गेले. वकील काहीतरी बोलणार होती. ताईंनी तिचा दंड दाबला.

पहिली फेरी सुरू झाली. नेहमीच्या, गुळगुळीत, निसटत्या सोंगट्यांवरून चार मुलांची बोटं फिरू लागली. समोरच्याने खेळी केली की काय बदललं ते शोधायला सगळा पट चाचपायचा, मग विचार, मग खेळी. सोंगट्या सरकत, कधी आडव्या होत. वकीलसमोर एक बारकी मुलगी बसली होती. ती आपली खेळी करून हळूच कुजबुजे, "घोडा पुढे घेतला गं." काकांनी तिला दोनदा दटावलं. नियम दुसरा, तोंड बंद. तिसऱ्यांदा त्या मुलीने बोलण्याऐवजी वकीलचं बोट धरून घोड्यावर नेऊन ठेवलं. त्याला नियम नव्हता. काका खाकरले आणि दुसरीकडे बघू लागले. वकील तो सामना जिंकली.

दुसऱ्या फेरीत तिच्यासमोर आला प्रोफेसर. गेल्या वर्षीचा विजेता, चौदा वर्षांचा, जाड चष्मा, बोलणं कमी. खडूच्या रेषेपलीकडे त्याची आई उभी, नवऱ्याने हाती दिलेली पाण्याची बाटली छातीशी धरून. वर्षभर पोराने सकाळी उठून डाव सोडवले होते आणि तिने त्याच्याबरोबर उठून दूध तापवलं होतं.

तासाभराने काकांच्या लक्षात आलं की प्रोफेसर अडचणीत आहे. त्याचा एक हत्ती कमी होता आणि राजा उघड्यावर. एकच आशा होती, वकीलच्या राजाची मागची रांग. ती रांग तिचा वजीर राखत होता. खेळायची पाळी वकीलची. तिची बोटं निघाली, प्याद्यांवरून, उंटावरून, आणि वजिरापाशी येऊन थांबली. थांबली, त्याचा माथा चाचपला, पुढे गेली.

प्रोफेसरने हात वर केला. "काका, हात लावला."

काका आले. पुठ्ठ्याकडे बघायची गरज नव्हती. "वजिराला हात लावलास का बाळा?"

"लावला," वकील म्हणाली. "मी सगळ्यांनाच लावते. सकाळपासून लावतेय."

"सकाळी कुणी तक्रार केली नाही. आता केलीय. वजीर हलवावा लागेल."

"काका, मी तो कुठे आहे ते..."

"नियम पहिला."

आसपासचे चार डाव थांबले. वकीलने हनुवटी थोडी खाली घेतली. मग वजीर एक घर बाजूला केला. जाण्यासारखं दुसरं चांगलं घरच नव्हतं. तिसऱ्या खेळीला प्रोफेसरचा हत्ती तिच्या मागच्या रांगेत उतरला आणि मात झाली. निकालाच्या चिठ्ठीवर तिने ताईंनी दाखवलेल्या जागी सही केली. उठताना म्हणाली, "थँक्यू काका."

ती टोमणा मारायला म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने सगळ्या मुलांसारखं, शिकवल्याप्रमाणे म्हटलं होतं.

जेवणाची सुट्टी झाली. तोवर उरलेल्या तिघांपैकी दोघांवर तोच नियम लागून गेला होता, कारण एकाने तक्रार केल्यावर बाकीच्यांना वाट सापडते. ताई काकूंच्या टेबलापाशी आल्या. आवाज अगदी शांत. "आम्ही दोनच्या बसने निघतो. पुढच्या फेऱ्यांत आमची नावं धरू नका."

"अहो पण तीन फेऱ्या आहेत अजून," काकू म्हणाल्या.

"मुलांना मीच शब्द दिला होता, की इथे सगळ्यांसारखं खेळता येईल. पुढच्या वर्षी पुन्हा कुठल्या तोंडाने आणू?"

काकूंनी चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या आणि नवऱ्याकडे बघितलं. काही बोलल्या नाहीत. बत्तीस वर्षांच्या संसारात त्या बोलल्या नाहीत असे प्रसंग काकांना बोटांवर मोजता येत. डबा उघडून त्यांनी दोन घास घेतले आणि झाकण लावून टाकलं.

तेवढ्यात भिंतीला हात लावत, बाकं मोजत कुणीतरी आलं. वकील.

"काका आहेत का?"

"आहे. बस."

"बसत नाही. एक सांगायचं होतं. आमच्या टेबलावरचं घड्याळ लंगडतं. पुढे कुणाला बसवाल तर आधी बघा."

काका दुखावले. "सकाळी कानाला लावून बघितलंय मी प्रत्येक."

"चोवीसांच्या आवाजात बघितलंत. मी त्याच्या शेजारी तास बसले होते. एक ठोका मोठा पडतो, एक छोटा."

काकांनी ते घड्याळ मागवलं, मागचं झाकण उघडलं, कानाशी धरलं. सभागृहात पोरांचा कालवा. त्यांना टिकटिक ऐकू येत होती, लंगडणं येत नव्हतं. हे अलीकडे दुकानातही होऊ लागलं होतं आणि काकूंनासुद्धा त्यांनी ते सांगितलं नव्हतं.

"मी दाखवू?" वकील म्हणाली. "हात लावला तर चालेल?"

उघड्या घड्याळाला दुसऱ्याचा हात काकांच्या आयुष्यात लागला नव्हता. पण आज त्या मुलीला ते कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होते. "लाव," म्हणाले, आणि श्वास धरून बसले.

तिचं बोट पितळी पट्टीवरून निघालं. स्क्रूंच्या माथ्यांवरून, दात्यांच्या कडेने, आणि जिथे सगळ्यात नाजूक चाक इकडून तिकडे डोलत होतं तिथे पोचलं. काका पुढे झुकले. बोट चाकाभोवती फिरलं, त्याच्या आसाच्या पट्टीवर टेकलं, बाजूच्या केसासारख्या स्प्रिंगजवळून परत आलं. घड्याळ चालत राहिलं. थांबलं नाही, अडखळलंही नाही.

"इथे," ती म्हणाली. "या बाजूला जास्त जातं, त्या बाजूला कमी."

काकांनी भिंग डोळ्याला लावलं. होतंच तसं. पण ते चाकाकडे बघत नव्हते. त्यांना मामांचं दुकान दिसत होतं. सहा महिने मामांनी हातात पेचकस दिला नव्हता. चालू घड्याळ उघडं करून पुढ्यात ठेवायचे आणि म्हणायचे, बोट फिरव, कुठे काय आहे ते मला सांग, आणि थांबलं तर चिमटा बसेल. चिमटे खाऊन खाऊन बोटांना कळलं होतं की ओळख करून घ्यायचा स्पर्श एक आणि काम करायचा स्पर्श दुसरा. सहा महिन्यांनी घड्याळ थांबायचं थांबलं, तेव्हा मामांनी पेचकस दिला. ज्याच्यावर चाळीस वर्षं पोट भरलं ती गोष्ट ती मुलगी पटावर करत होती, आणि आपण तिला चिमटा काढला.

"तुला हे कुणी शिकवलं?"

"काय?"

काका उठले, आणि ज्या जिन्यावर ते गुडघ्यांमुळे कधी चढत नसत तो जिना चढून वर गेले. खेळाच्या बाई टेबलावर बसून पोळीचा घास मोडत होत्या.

"बाई, तुमच्या त्या पुस्तकात आंधळ्या मुलांसाठी काही आहे का हो?"

बाईंनी हात पुसले. विजयाचा एक शब्द बोलल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा काका पुढे कैक वेळा सांगत. पानं उलटत त्या शेवटाशी गेल्या. "आहे. वेगळा पट वापरायचा, भोकांचा. दोघांनी आपापल्या पटावर खेळायचं, आणि प्रत्येक खेळी मोठ्याने सांगायची. आणि हे बघा, सोंगटी भोकातून उपसली तरच हात लावला असं धरायचं." मग त्यांनी मान वर केली. "का? खाली काय केलंत तुम्ही?"

काकांनी सांगितलं. काही लपवलं नाही. सकाळचं ते छान वाक्यसुद्धा जसंच्या तसं सांगितलं, आणि या वेळी ते तितकं छान वाटलं नाही.

"बदलून टाका मग निकाल," बाई म्हणाल्या, आणि लगेच थांबल्या. "नाही, काका. सह्या झाल्यात ना? सही झाली की पुस्तकातही निकाल पक्का. तुमच्या सोयीचं पान निघालं तसं गैरसोयीचंही आहे."

"माझ्या पुठ्ठ्यावरही आहे. नववा नियम."

दोघं खाली आली. पावणेदोन झाले होते. ताई मुलांना रांगेत उभं करत होत्या. काकांनी टाळी वाजवली. पोरं चूप झाली, कारण टाळी म्हणजे कुणाचं तरी काहीतरी चुकलेलं.

"चूक झालीय," काका म्हणाले. "माझी. नियम पहिला मी केला तेव्हा डोळ्यांनी बघणारी मुलंच माझ्यापुढे होती. बोटांनी बघणाऱ्याला तो लावायचा नव्हता. लावला. तिघांचे डाव त्यात गेले."

मग रेषेपलीकडून प्रोफेसरची आई म्हणाली, "काका, बोलू का? मुलीचं मला वाईट वाटतं, खरंच. पण माझ्या मुलाने काही लबाडी केली नाही. तुमचा नियम होता, त्याने मागितला. सही झालेला डाव कुठल्या नियमाने काढून घेणार?"

"कुठल्याच नाही," काका म्हणाले. "पुठ्ठाही तुमच्या बाजूचा, पुस्तकही. म्हणून मी निर्णय देत नाहीये. विचारतोय." ते प्रोफेसरकडे वळले. एवढ्याशा पोरापुढे त्यांनी हात जोडले नाहीत इतकंच. "तू म्हणालास तर डाव त्या खेळीपासून परत मांडू. नाही म्हणालास तर जिंकलास, आणि मी तुला काडीइतकाही दोष देणार नाही. बाकीच्या दोघांनाही हेच विचारणार आहे."

प्रोफेसरने चष्मा वर केला. "मला झोपच लागली नसती," म्हणाला.

"म्हणजे काय रे?" आई म्हणाली.

"म्हणजे मी हरत होतो, आई. वजीर हलला नसता तर पुढे काय झालं असतं, ते मी जेवताना शोधत होतो. सापडलं नाही. मला बघायचंय."

आई मग बाटली पुढे करून म्हणाली, "पाणी पी आणि खेळ. पण हरलास तर घरी येऊन उजेड कमी होता म्हणून सांगू नकोस."

बाकीच्या दोघा खेळाडूंनीही माना डोलावल्या. भोकांचे पट बाहेर निघाले. मांडणी कुणी लिहून ठेवली नव्हती, पण वकील आणि प्रोफेसर दोघांनी आळीपाळीने ती पाठ म्हटली, एकही घर चुकलं नाही. काकांनी दुसरं घड्याळ आणून दोघांना दहा-दहा मिनिटं लावली.

आणि मग त्या सभागृहात एकोणीस वर्षांत झालं नव्हतं ते झालं. लोक बोलू लागले. नियम दुसरा त्या बाकांपुरता उठला होता; सोंगटी कुठली आणि ती कुठल्या घरात जाणार, दोन्ही मोठ्याने सांगायचं होतं.

"घोडा, एफ पाच," वकील म्हणाली.

"राजा, एच आठ."

"उंट मारला. ई सात."

खणखणीत आवाज. स्वर ना चढा ना पडेल, शब्द सुटा आणि स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. प्रोफेसर पहिल्या दोन खेळ्या पुटपुटला. मग तोही सावरला आणि समोरच्या आवाजाला आवाज देऊ लागला. तिसरी फेरी थांबवून सगळी पोरं भोवती जमली. काकूंना फेरी लांबल्याची आठवण करून द्यायची होती, पण त्याच खुर्ची सरकवून पुढे आल्या.

वकील जिंकत आली होती. पण प्रोफेसरचा वजीर एकदम सुटला आणि शह देऊ लागला.

"शह."

"राजा, जी एक."

"शह."

"राजा, एच दोन."

"शह."

परत जी एक. परत एच दोन. तिचा राजा दोन घरांच्या बाहेर पडू शकत नव्हता, त्याचा वजीर शह थांबवू शकत नव्हता.

"काका, वेळ सांगा," वकील म्हणाली. तो हक्क तिला पुस्तकाने दिला होता.

"तुझी चार मिनिटं. त्याचं एक. कमीच."

पुढचं काकांना दिसलं, आणि खेळाच्या बाईंनाही. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि ओठ मिटून घेतले, कारण पंचाला बोलायची मुभा नसते. पुठ्ठ्याप्रमाणे असं चालूच राहणार. मिनिटभराने प्रोफेसरची वेळ संपणार आणि वकील जिंकणार. तिने फक्त दोन घरांत राजा नाचवत बसायचं होतं. प्रोफेसरच्या कपाळावर घाम आला होता, आणि त्याला वाट माहीत नव्हती, कारण तो लहानपणापासून याच पुठ्ठ्यावर वाढला होता.

"शह," तो म्हणाला. आवाज जरा कापला.

वकीलने राजा हलवला नाही. बोटं पटावर टेकवून बसली. मग तोंड वाकडं करून म्हणाली, "अरे, माग ना."

"काय मागू?"

"बरोबरी. तीच मांडणी तिसऱ्यांदा आली. आम्हाला पुस्तकातून शिकवलंय. मघाशी माझ्यासाठी पुस्तक काढलं, मग आता तुझ्या वेळेला परत पुठ्ठा कसा काढायचा? लवकर माग. मला राग येतोय."

"काका," प्रोफेसर म्हणाला, "मला बरोबरी हवीय."

"मिळाली," खेळाच्या बाई आणि काका एकदम म्हणाले.

कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. प्रोफेसरच्या आईने रेषा ओलांडली, आणि काकांनी बघितलं नाही. ती मुलाकडे गेलीच नाही, आधी वकीलकडे गेली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. वकील पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुमच्या मुलाचं गणित चांगलं आहे, पण धीर कमी आहे." आई म्हणाली, "घरी ये आणि हे त्याच्या बाबांना सांग."

ताईंनी दोनची बस सोडून दिली. उरलेल्या तिन्ही फेऱ्या अंध मुलं आपल्या पटांवर खेळली, आणि त्या बाकांवरून दिवस मावळेपर्यंत संवाद ऐकू येत राहिले. बक्षीस त्यांच्यापैकी कुणाला मिळालं नाही. वकील सहावी आली. प्रोफेसर दुसरा, पहिला आला तो तिसऱ्याच शाळेचा एक अबोल मुलगा, ज्याच्याकडे दिवसभर कुणाचं लक्ष नव्हतं.

सामानसुमान आवरून काका फाटकाशी आले. मुलं संध्याकाळच्या बसमध्ये चढत होती. दिवसभरात किती जणांनी आपल्याला सांभाळून घेतलं याची मनात ते उजळणी करत होते. बाईंनी टोमणा मारला नव्हता. पोराने नाही म्हटलं नव्हतं. त्याच्या आईने मन मोठं केलं होतं. आणि जिचा डाव आपण घालवला, तिने आपल्याच घड्याळाची खोड आपल्याला येऊन सांगितली होती, दुसऱ्या कुणाला त्रास नको म्हणून. साठी ओलांडलेल्या माणसाला त्याची चूक एवढ्या मायेने दाखवायला लोकांना काय पडलं होतं.

"अहो, आज तुम्ही चारचौघांत चुकलो म्हणालात," काकू म्हणाल्या. "तारीख लिहून ठेवू का?"

"लिही. आणि घरी गेल्यावर भांडी मी घासतो."

"एवढं पण नको. माणसं घाबरतील."

बसच्या खिडकीतून वकीलचं डोकं बाहेर आलं. त्यांच्या आवाजाचा माग काढत तिने तोंड बरोबर त्यांच्याकडे वळवलं.

"काका, पुढच्या वर्षी कुठले नियम? पुठ्ठ्याचे की पुस्तकाचे? आधी सांगा. मी मग ऐकून घेणार नाही."

काका खिडकीखाली गेले. त्यांना पुष्कळ काही म्हणायचं होतं. बसचं इंजिन सुरू झालं. मग ते म्हणाले, "तू आठ वाजता ये. सगळ्यांच्या आधी. नियम तुला विचारून लिहायचेत, आणि मला लिहायला फार वेळ लागतो."